भिंतीवरची गाडी दारात

कळसाडी, ८ नोव्हेंबर २०२४

चेतना,

आशीर्वाद लिहायचा की नाही ते शेवटी ठरवते, आधी बातमी ऐक. तुझ्या बापाने गाडी आणली. ट्रॅक्टर नाही, जीप नाही. तुझ्या खोलीतल्या भिंतीवर तू कॉलेजात असताना चिकटवलेली ती लाल जपानी गाडी आहे ना, दोन दारांची, जमिनीला पोट लावून बसलेली? ती. सुरतच्या कोणा सूतवाल्याच्या पोराने हौसेने घेतली होती, हौस फिटली म्हणून विकली. मोठ्या ट्रकच्या पाठीवर बसून आली आणि आपल्या दारात उतरली. मी तांदूळ निवडत होते. सूप हातातच राहिलं, तांदूळ ओट्यावर, आणि कोंबड्यांची दिवाळी झाली.

हे वेड त्यांना का लागलं ते तुला ठाऊक नसेल, कारण तू तेव्हा इथे नव्हतीस. तू त्या शिवाजी पावराशी कोर्टात लग्न करून डोंगरात निघून गेलीस, त्याच वर्षीची दिवाळी. ओट्यावर चारचौघं बसली होती. तुझे बाबा म्हणाले, चला, पोरीकडे जाऊन येऊ. माझ्या डोक्यात तेव्हा जाळ होता. मी म्हटलं, "जासू ना! भिंतवरनी त्या लाल गाडीमा बठाडीसन लई जा, तव्हय जासू!"

सगळा ओटा हसला. त्या गाडीत बसवून न्याल तेव्हाच येईन, म्हणजे कधीच जाणार नाही, असा त्याचा अर्थ. शेजारच्या रूपालीलासुद्धा कळला, आणि तिला तर सगळं दुसऱ्या दिवशी कळतं. पण तुझे बाबा पडले गणिताचे मास्तर. जन्मभर पोरांना सांगत आले, उदाहरणात जे दिलंय तेच धरायचं, मनचं घालायचं नाही. तेव्हा गप्प बसले. मला वाटलं, संपला विषय. हा माणूस चार वर्षं ती गाडी शोधत होता गं! मला पत्ता नाही.

आज ट्रक गेल्यावर धोतराला हात पुसत म्हणाले, "चेतनानी माय, तूच बोलनी व्हती. आते बठ."

अजून मला ह्याच नावाने हाक मारतात. सगळ्या गावाला मी सांगितलंय, मले आंडेर नही, मला मुलगीच नाही, म्हणून. तरी हे आपले चेतनानी माय, चेतनानी माय.

मी बसले नाही. बसायला ती खुर्ची आहे की पाळणा, तेच कळेना. बसलं तर डोळ्यांसमोर रस्ता नाही, समोरच्याचे गुडघे. आणि ऐक पुढे. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा भिला आला, त्याने पुढचं झाकण उघडलं आणि दोन पावलं मागे सरला. म्हणाला, "मास्तर, हाई काय? इंजिनमा पिस्टनच नही!" खरंच नाही. तुझे बाबा म्हणे, हे चक्री इंजिन आहे, आत समोशासारखा त्रिकोणी गोळा असतो, तो लांबट डब्यात गरगर फिरतो. असे दोन. बस्स, एवढंच इंजिन. आपल्या पिठाच्या डब्याएवढं. ह्याच्यावर बसून म्हणे चांदसैली घाट चढायचा आणि तुझ्या पाड्यावर यायचं!

मी येणार नाही, हे तुला आधीच कळवून ठेवते. उगाच सारवण-बिरवण करू नकोस. उत्तरही देऊ नकोस.

आशीर्वाद ह्या वेळी राहू दे.

छबूबाई


कळसाडी, २१ नोव्हेंबर २०२४

चेतना,

गाडीची पूजा झाली आणि गाडी मेली. अशी एका ओळीत सांगण्यासारखी गोष्ट आहे, पण मला सविस्तर सांगितल्याशिवाय चैन पडायचं नाही.

पूजा मीच लावून धरली. वाहन आलं तर हार, कुंकू, चाकाखाली लिंबू, हे नको? तुझे बाबा असल्या गोष्टी मानत नाहीत, पण मी बोलते आहे ह्याच आनंदात हो म्हणाले. गल्ली गोळा झाली. चारही चाकांखाली लिंबं ठेवली. सकाळची थंडी, गाडी रात्रभर उभी. ह्यांनी किल्ली फिरवली, भुंगा घुमावा तशी घुमली, हातभर पुढे आली, लिंबं फुटली. मी ओरडले, "बंद करा, आरती बाकी शे!" त्यांनी बंद केली.

आरती झाली. प्रसाद वाटला. पुन्हा किल्ली फिरवली तर नुसतं घर्रर्र. पुन्हा घर्रर्र. गाडी काही उठेना. पेट्रोलचा वास सुटला. गल्लीच्या तोंडाचा आ. रूपाली कपाळावर हात मारून म्हणाली, "अपशकुन झाया वं माय! निंबूवरच मरी गई!" 

खोटं बोलत नाही, मला आतून बरं वाटलं. देवानेच नाही म्हटलं, मी कोण? पण ह्यांचा चेहरा पाहवला नाही. पोरं परीक्षेत नापास झाल्यावर करायचे तसा चेहरा.

भिलाने दोन दिवस डोकं घातलं आणि हात टेकले. मग हे मोबाइल घेऊन बसले. परदेशातले लोक ह्याच इंजिनाबद्दल बोलतात ते बघायचे, वहीत लिहायचे, पुन्हा बघायचे. जेवायला हाक मारली तर "थांब, एक सिद्धता ऱ्हायनी." तिसऱ्या दिवशी ओरडत घरात आले, "अपशकुन नही, आरती!" मला वाटलं, गेलं डोकं कामातून.

तर प्रकरण असं. हे इंजिन थंड असताना सुरू केलं, तर त्याला तापू द्यावं लागतं. सुरू करून लगेच बंद केलं की आत पेट्रोल तुंबतं, ठिणगीचे प्लग ओले होतात आणि मग ते काही केल्या उठत नाही. म्हणजे जिथे जिथे ही गाडी बनली, विकली, फिरली, तिथे कोणी तिला हातभर चालवून आरतीसाठी बंद केली नसणार. ते आपण केलं.

त्यांनी चारही प्लग काढले. मी भाकरीला पीठ मळून चुलीपाशी आले तर माझ्या तव्यावर प्लग! भाकरीसारखे उलटवत होते! वाळवून लावले आणि गाडी उठली. अख्खी गल्ली टाळ्या वाजवत होती, मी तवा घासत होते.

दुसरं, ही गाडी तेल पिते. भिला म्हणाला, "गाडी तेल पेस म्हंजे इंजिन गयं." हे म्हणतात, नाही, हिच्यात ते मुद्दामच जळतं, तेच तिचं वंगण. फक्त पेट्रोल भरलं की दर वेळी तेलाची काडी काढून बघायची. मला काय करायचंय हे शिकून? पण दिवसभर कानावर तेच, काय करू?

आई


कळसाडी, १५ डिसेंबर २०२४

चेतना,

तू पत्रं वाचतेस की चुलीत घालतेस, देव जाणे. मी लिहिते, कारण इथे कोणाशी बोलायची सोय नाही. गल्लीतल्या बायका भेटल्या की एकच, "काय वं छबूबाई, मोटरमा कव्हय बठशी?"

तुझ्या बापाने आता काय केलं, ऐक. गाडी शहाद्यापर्यंत नेऊन बघितली. गावाबाहेरच्या गतिरोधकावर पोट घासून असा आवाज आला की रस्त्यावरच्या म्हशी उधळल्या. आपल्या सपाट रस्त्यावर ही गत, तर घाटात काय? मला वाटलं, चला, सुटले. गाडी आहे, पण डोंगर चढत नाही. माझा शब्दही राहिला आणि माझे पायही इथेच राहिले.

पण मास्तर! भिलाला बोलावलं, दोघांनी गाडी ठोकळ्यांवर चढवली, चारही स्प्रिंगा काढल्या आणि उंच लावल्या. चाकं मोठी बसवली. चाकावरचा पत्रा आत टेकत होता तो ठोकून वाकवला. पोटाखाली लोखंडी पत्रा बोल्टांनी आवळला, दगड लागू नये म्हणून. त्या मोबाइलमधल्या लोकांना ह्यांनी फोटो पाठवला तर ते हादरले म्हणे. जगभर लोक ही गाडी अजून खाली बसवतात, कोणी वर उचलत नाही. "पहिला मीच!" म्हणून हे खूश. आता दिसते कशी, तर पातळ गुडघ्यापर्यंत खोचून नाल्यात उतरलेल्या बाईसारखी.

मला वाट सापडली. मी ओट्यावर जाऊन सगळ्यांसमोर म्हटलं, "हाई ती गाडी नही. भिंतवरनी गाडी ठेंगनी व्हती. ही उंच शे. मन्हा शब्द सुटना." म्हणजे शब्दातून मी मोकळी. रूपाली म्हणाली, बरोबर. दोन म्हातारे म्हणाले, बरोबर. मला वाटलं, ह्यांचंच गणित ह्यांच्यावर उलटवलं.

तुझे बाबा पाना हातात घेऊन उभे होते. रागावले नाहीत. म्हणाले, "रंग तोच, इंजिन तेच, नाव तेच. उंची बदलनी म्हनीसन गाडी ती नही? मंग लगन झायं म्हनीसन आंडेरबी मन्ही नही का?"

मी घरात आले आणि भांडी घासली, घासलेलीच पुन्हा घासली. ह्या माणसाने एकतीस वर्षांच्या संसारात मला असं कधी चारचौघांत हरवलं नव्हतं.

आता म्हणतात फेब्रुवारीत निघायचं.

आई


कळसाडी, ९ जानेवारी २०२५

चेतना,

गाडी परत बंद पडली. गेल्या महिन्यात एकदा आणि परवा एकदा. दोन्ही वेळा तेच, पेट्रोलचा वास आणि घर्रर्र. तुझे बाबा दोन्ही वेळा शेतावर गेलेले होते. मी काही गाडीजवळ गेले नाही. किल्ली खुंटीवरच होती, धूळ झटकायला मी ती फक्त हातात घेतली असेन. उंदरांनी तारा कुरतडल्या असतील, असं मी म्हटलं. त्यांनी उंदीर शोधला. सापडला नाही.

हल्ली किल्ली ते कमरेच्या करगोट्याला बांधून निजतात. ह्या वयात! चालताना खुळखुळतात. मी विचारलं, हे काय थेर? म्हणाले, "उंदीर हुशार शे." आणि माझ्याकडे बघितलं नाही.

वाळले आहेत गं. संध्याकाळी गाडी तापवत बसतात, काटा मध्यावर आल्याशिवाय बंद करत नाहीत. काडी काढून तेल बघतात, पुसतात, पुन्हा घालतात. भिंतीवरचं तुझं ते चित्र काढून त्यांनी गाडीच्या काचेला आतून लावलंय, म्हणजे कोणी म्हणायला नको की ती नाही.

आणि तू! उत्तर देऊ नकोस म्हटलं तर खरंच दिलं नाहीस? चार ओळी? आईने रागात म्हटलं म्हणून कोणी असं धरून बसतं? मला धक्काच बसला. रोज पोस्टमनची वाट बघायची नाही असं ठरवते आणि बघते.

सोळा फेब्रुवारी ठरली आहे. रविवार. मला वाटत नाही गाडी घाटापर्यंत टिकेल.

आई


तुझ्या अंगणात, १६ फेब्रुवारी २०२५

चेतना,

हे पत्र टपालात टाकायचं नाही. पेन शिवाजीचं आहे, कागदही त्याचाच. तू रविवार असूनही धडगावला शिक्षकांच्या प्रशिक्षणाला गेली आहेस, संध्याकाळच्या जीपने येशील म्हणाले. तोवर नुसतं बसवत नाही, म्हणून लिहिते. आणि तू समोर आल्यावर हे माझ्याच्याने बोलवणार नाही.

सकाळी निघालो. गाडी तापवली, तेल बघितलं, मी बसले. ओटा भरला होता. तळोद्यापर्यंत मी डोळे मिटून होते. पुढे सरळ रस्ता लागला तेव्हा तुझ्या बापाने म्हटलं, "घट्ट बठ," आणि पाय दाबला. चेतना, तो आवाज! सारखा चढतच गेला, अजून, अजून, कुठे अडेचना. मी किंचाळले. भीतीने नाही. ह्या वयात मला एवढं हसू येतं हे मलाच माहीत नव्हतं. तुझा बाप माझ्याकडे बघून हसत होता. कितीतरी दिवसांनी आम्ही एकमेकांकडे बघून हसलो.

घाटही चढली. उंच केलेल्या पोटाला दगड लागला नाही. तुमच्या पाड्याचा कच्चा रस्ता फुटतो त्या फाट्यावर थांबलो. पुढच्या मोरीचं काम उकरून ठेवलेलं, म्हणून हे पायी बघायला गेले. जाताना करगोट्याची किल्ली सोडली आणि माझ्या हातात दिली. "तुन्हा जोडे ठेव." तुझ्याजवळ ठेव, एवढंच म्हणाले.

ते बराच वेळ आले नाहीत. इंजिन थंड झालं. झाडांतून मला तुमचा पाडा दिसत होता. दोरीवर निळी साडी वाळत होती. तुझी असेल असं मनात आलं.

त्या महिन्यांत उंदीर नव्हता गं. मीच होते. आणि आजही मीच. पलीकडच्या खुर्चीवर सरकले, किल्ली लावली, फिरवली, घुमली तशी लगेच बंद केली. तेवढंच पुरतं, हे मला तव्यावरच्या प्लगांपासून पाठ आहे. मला वाटलं, आता गाडी उठणार नाही, गाडी नाही तर मी नाही, शब्दही मोडला नाही. मला डोंगराची, आदिवासी जावयाची लाज वाटते असं मी गावाला सांगत आले. लाज नव्हती. तुझी भीती होती. तू दार उघडशील, मला बघशील आणि लावून घेशील, हे मी रोज रात्री डोळ्यांपुढे आणत होते. तुझी आई म्हणून मी आहे की नाही, ते आज कळणार होतं, आणि मला कळून घ्यायचं नव्हतं.

ते आले. किल्ली फिरवली. घर्रर्र. पुन्हा घर्रर्र. पेट्रोलचा वास सगळ्या गाडीत. त्यांनी किल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी वाट बघत होते ओरडतील म्हणून. ओरडले असते तर मीही ओरडले असते, आणि आम्ही भांडत खाली गेलो असतो.

ते खाली उतरले आणि चाकाला पाठ लावून मातीत बसले. टोपी काढली. "चेतनानी माय, तुन्हा शब्द मी पाया. आते मन्हा जोर सरना." माझा शब्द पाळता पाळता त्यांच्यातला जोर संपला होता.

मग उठले आणि पाना काढला. एकेक प्लग काढून टोपीला पुसायला लागले. धोतराला नाही, टोपीला. वर बघत नव्हते. मला स्वतःची अशी किळस आली की काय सांगू. हा माणूस माझ्या एका टोमण्यासाठी चार वर्षं राबला, आणि मी तो टोमणा सांभाळत बसले.

त्या पाळण्यातून मी कशी बाहेर आले देव जाणे. चालायला लागले. मागून हाक आली, "कथं चालनी?"

"पुढं."

"आनि शब्द?"

"चुलीत घाला शब्द!"

चढ आहे तुमचा रस्ता. मोरी उकरलेली होती, पातळ खोचून खालून गेले. अंगणात तुझ्या सासूबाई दिवलीबाई तुरी झोडत होत्या. मी त्यांना कधी बघितलेलं नाही. मी म्हटलं, "मी चेतनाची आई." त्यांनी काठी थांबवली नाही. आणखी चारदा झोडून म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, तिला आईच नाही."

मला हे लागलं. पण बरोबर होतं. मीही हेच सांगत फिरले होते ना?

तांब्याभर पाणी दिलं. मी घटाघटा प्याले. मग मला वाटलं बाज टाकतील, बसा म्हणतील. तर दुसरी काठी हातात दिली! "बसू नको. झोड." पाहुणीला! मी थक्क. पण झोडायला लागले. बाई, काय बरं वाटलं! एकेक शेंग फुटत होती आणि मी रडत होते, आणि त्या शेजारी झोडत होत्या, बघतही नव्हत्या. पुष्कळ वेळाने मी विचारलं, माझ्या पत्रांना तिने उत्तर का दिलं नाही? दिवलीबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मीच येडी. "तूच लिहिलं ना, देऊ नको म्हणून? आईचं ऐकते ती."

बापाचीच पोर तू. दिलंय तेच धरायचं.

शिवाजी दोर आणि माणसं घेऊन फाट्यावर गेलाय. मी त्याला काही सांगायच्या आत त्याने विचारलं, "बाबा एकटेच आहेत?" आणि पळालाच. त्याच्याशी काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही. येईल तेव्हा बघू.

जीपचा आवाज येतोय. दिवलीबाई म्हणतात, हीच. माझ्या हाताला तुरीचा कचरा लागलाय, केस विस्कटलेत. मला वाटलं होतं नीट बसून राहीन.

उतरलीस. पिशवी खांद्यावर आहे. वाळली आहेस की मला वाटतंय? आता मला बघितलंस आणि उभीच राहिलीस रस्त्यात. जवळ यावंसं वाटत नसेल तर नको येऊस, चेतना. तिथेच थांब. मी येते.